‘आरव’चा अर्थ आणि ‘ङ’चं काय करायचं?

स्नेहल (सी-२०४): नमस्कार मंडळी 🙏 रविवारी बाळाचं बारसं. आर्द्रा नक्षत्र, तिसरा चरण, आणि गुरुजींनी अक्षर दिलंय ‘ङ’! यादीत आरव, अनय, विहान आहेत. नणंदबाई ‘रेयांश’वर अडून बसल्यात. आरव म्हणजे ‘शांत’ ना? नेटवर तसंच आहे.

देशपांडे काकू (ए-१०१): नेमकं उलटं गं. धातू ‘रु’, म्हणजे आवाज करणे. कलरवातला ‘रव’ तोच. आरव म्हणजे गलका, आरोळी. पहाटे तीनला पटेल तुला 😄

देशपांडे काकू (ए-१०१): अनय तर नकोच. नय म्हणजे नीती, आधी ‘अ’ लागला की अनीती. आपट्यांच्या संस्कृत कोशात गैरवर्तन, संकट असेच अर्थ मिळतील. विहान म्हणजे पहाट, हिंदीतला ‘बिहान’ तोच. बिनधास्त ठेव.

मंदार (बी-३०२): आणि रेयांश?

देशपांडे काकू (ए-१०१): साइटवाले ‘किरणाचा अंश’ म्हणतात. म्हणजे इंग्रजी ‘रे’ला संस्कृत ‘अंश’ डकवलेला! किरणच हवा तर अंशुमान आहे की, अंशु म्हणजे किरण. नाव आधी उपसर्ग, धातू, प्रत्यय असं सोडवायचं. सुटलं नाही तर कोश उघडायचा, बाळाच्या नावांची साइट नाही.

जोशी काका (बी-५०१): ‘ङ’ची काळजी नको. ङ, ञ, ण यांनी नाव सुरू होत नाही, म्हणून अनुक्रमे ग, ज, ड धरायचे असा जुना नियम आहे. म्हणजे तुमचं ‘ग’. गंधार, गौरांग चालतील. पण चरण म्हणजे नक्षत्राचा पाव भाग, ३ अंश २० कलांचा, चंद्राला तो ओलांडायला साधारण ६ तास लागतात. जन्मवेळ थोडी इकडेतिकडे झाली तर दुसऱ्या चरणाचं ‘घ’ किंवा चौथ्याचं ‘छ’ येईल. तसंही हे नावरसनाव, म्हणजे पत्रिकेपुरतं, हाक मारायचं नाव वेगळं ठेवता येतं.

शबाना (सी-१०३): समीर पण बघा. संस्कृतात वारा, अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. दोन्हीकडे चालतं.

मंदार (बी-३०२): नोंदणीची घाई नको. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार नावाशिवायही जन्मनोंद होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव घातलं तर शुल्क नाही, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंबशुल्क. मात्र दाखला हातात घेण्याआधी मराठी आणि इंग्रजी, दोन्ही रकाने वाचा. गंधार इंग्रजीत लिहिलं की लोक सर्रास ‘गांधार’ वाचतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळा, पासपोर्ट सगळीकडे जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, त्यामुळे एक काना चुकला तरी हेलपाटे.

स्नेहल (सी-२०४): आरव, अनय बाद. नणंदबाईंना अंशुमान सुचवून बघते, पत्रिकेला गंधार.

जोशी काका (बी-५०१): आधी हॉस्पिटलच्या कागदावरची जन्मवेळ बघ.