मदत हवी आहे: लेडीज फ्रीराइड स्नोबोर्ड सेकंडहँड मिळायलाय, वेगवेगळ्या बर्फावर कसा पारखायचा?

नमस्कार मंडळी, मी लातूरची. आमच्याकडं बर्फ म्हणजे गारपीट, तीबी पिकं झोपवून जाणारी, त्यामुळं स्नोबोर्डबद्दल जवळपास विचारावं असं कुणीच नाही म्हणून इथं लिहायलेय. लांबलचक होईल पण पूर्ण वाचून सांगा प्लीज.

गुलमर्गच्या कोर्सला माझ्यासोबत एक ताई होत्या, त्यांचा फ्रीराइड (तयार उतार सोडून मोकळ्या बर्फावर चालवायचा) बोर्ड त्या मला देतो म्हणल्यात. आठवडाभर बघून ठरव म्हणून बोर्ड बाइंडिंगसकट (बूट बांधायचे पट्टे) घरी पाठवलाय. लेडीज मॉडेल, लांबी १५२ सेंमी, मधली रुंदी २४.२ सेंमी, डायरेक्शनल (एकाच दिशेनं चालवायचा), नोज म्हणजे पुढचं टोक रुंद आणि टेल म्हणजे मागचं टोक त्यापेक्षा बारीक, पुढं रॉकर (टोक वर उचललेलं), पायाखाली कँबर (मधे कमान), फ्लेक्स म्हणजे कडकपणा १० पैकी ७ लिहिलाय. माझं वजन ५८ किलो, बूट २४.५ मोंडो (पावलाची लांबी सेंमीत). कंपनीचं नाव विचारू नका, मला बोर्ड पारखायचा कसा ते शिकायचंय.

हाच बोर्ड मी मागच्या सीझनला त्यांच्याकडनं मागून चालवलेला आहे. ताजा बर्फ पडल्यावर गाइडसोबत गोंडोलाच्या (रोपवेच्या) वरच्या टप्प्यानं, फेज टूनं, अफरवाट डोंगरावर गेलो, तिथं तर काय सांगू, नोज आपोआप वर राहतंय, मागचा पाय अजिबात भरून येत नाही, खाली देवदारांच्या झाडीत शिरलं तरी टेल पटकन वळतंय. एवढं निवांत मला कुठल्याच बोर्डावर वाटलं नव्हतं. पण आभाळ मोकळं झालं, रात्री गोठलं आणि सकाळी कोंगडूरीच्या (गोंडोलाचं मधलं स्टेशन) उतारावर उतरले तर वेगळाच बोर्ड! वळण सुरू करताना नोज धरतच नाही, हील एजवर (टाचेकडची लोखंडी कड) गेलं की बोर्ड थरथर करत बाजूला घसरतोय. दुपारी सगळ्यांनी तुडवून ढेकळं झालेल्या बर्फात वेग घेतला की धक्के बसून फेकल्यासारखं होतंय. आणि ऊन तापल्यावर आडवं यायचं असतंय तिथं चिकटून मधेच थांबतोय, मग एक पाय काढून ढकलत चला.

मला समजंना ते हे की भाड्याचा मऊ ट्विन (दोन्ही टोकं सारखी असलेला) बोर्ड त्याच सकाळच्या उतारावर यापेक्षा चांगला धरत होता. मग एवढा कडक आणि महागातला बोर्ड का घसरावा? नेटवर रिव्ह्यू लई वाचले, सगळे म्हणतेत पावडरपासून टणक बर्फापर्यंत सगळीकडं चालतो, पण लिहिणारीचं वजन किती, बाइंडिंग कुठं बसवलं होतं, एजला धार कधी लावली होती ह्यातलं काहीच नसतंय. त्याचा मला काय उपयोग?

मला एकच बोर्ड परवडतो. इथनं परभणी गाठायची, सचखंडनं दिल्ली, पुढं जम्मू, मग काश्मीर, एवढ्या प्रवासात दोन बोर्ड घेऊन जाणं शक्यच नाही. त्यामुळं जो घेईन तो सगळ्या बर्फावर चालायला पाहिजे.

तर ह्यातलं बोर्डाचा स्वभाव म्हणून सोडून द्यायचं काय आणि दुरुस्त होणारं काय? लातूरला बसून काय काय तपासता येतंय? आणि ५८ किलोला फ्लेक्स ७ जास्त होतोय का?

प्रतिसाद १ (नांदेडहून)

ताई, तुम्ही पावडरचं आणि टणक बर्फाचं जे वर्णन केलंय ते वाचून पहिला संशय बाइंडिंगच्या जागेवर येतोय. डायरेक्शनल बोर्डात पाय उभे राहायची जागा कंपनीनंच मध्यापासून थोडी मागं दिलेली असती, पण ती एजच्या वळणाशी जुळवूनच दिलेली असती. आता गुलमर्गला बरेच जण मोठा बर्फ पडला की बाइंडिंग अजून मागं, शेवटच्या भोकांत नेतेत. पावडरमधी मजा येतीच, नोज वर राहतंय, पण टणक उतारावर वजन एजच्या मागच्या भागावर पडतंय आणि पुढचा भाग मोकळा राहतोय. मागं ओझं झालेली बैलगाडी कशी उलार होती, तसंच. बोर्डावर ठिपके नायतर छोट्या रेघा असतील, तो रेफरन्स स्टान्स. बाइंडिंगची डिस्क (मधली गोल चकती, जिच्यातनं स्क्रू जातेत) कोणत्या भोकांत आहे ते बघून इथं टाका.

दुसरं, बूट बाइंडिंगमधी घट्ट बांधून बोर्ड सपाट ठेवा आणि टाच किती बाहेर येती, बोटं किती बाहेर येतेत ते वरून बघा. दोन्हीकडं साधारण सारखं पाहिजे. टाचेकडं कमी असलं तर हील एजला जोरच मिळत नाही. डिस्क सरकवून नायतर हीलकप (टाच धरणारा मागचा भाग) मागंपुढं करून ते जुळवता येतंय.

धागाकर्ती

दादा, आत्ता बघितलं. दोन्ही बाइंडिंग एकदम शेवटच्या भोकांत आहेत, रेफरन्सच्या ४ सेंमी मागं! आणि बूट बोटांकडं जास्त बाहेर आहे, टाच जवळपास एजच्या रेषेतच. मला वाटायचं फ्रीराइड बोर्ड असाच असतोय.

प्रतिसाद २ (संभाजीनगरहून)

मी स्वतः टॅपर (नोज रुंद, टेल बारीक) असलेला लेडीज बोर्डच चालवते म्हणून लिहिते. दादांनी सांगितलेलं आधी करा, पण एज बघितल्याशिवाय निर्णय घेऊ नका. अंगठ्याचं नख एजवर आडवं हलकं ओढा, नखाचा बारीक भुगा निघाला तर धार आहे, नुसतंच सरकलं तर नाही. नोजपासून टेलपर्यंत दर वीतभर अंतरावर करा, कारण दोन बाइंडिंगच्या मधेच धार गेलेली असते आणि टोकाला ती नवीसारखी असते. सीझनच्या सुरुवातीला गुलमर्गला बर्फाखाली दगड आणि झुडपं असतात, त्यावर एज घासून बारीक काटे येतात, ते डायमंड स्टोननं आधी काढायचे आणि मगच फाइल. बेसच्या बाजूनं १ डिग्री आणि साइडनं २ डिग्री हे तुमच्यासारख्या सगळीकडं चालवणारीला बरोबर आहे. फाइल गाइडशिवाय हातानं घासू नका, कोन बिघडला की परत आणायला बरंच लोखंड घालवावं लागतं.

चिकटण्याचं कारण बहुतेक मेण संपलेलं. बेस (खालचा तळ) एजच्या कडेनं पांढरट, कोरडा दिसतोय का? सिंटर्ड (दाबून बनवलेला, सच्छिद्र) बेस मेण पितो, पण उपाशी ठेवला तर साध्या एक्सट्रूडेड बेसपेक्षाही हळू चालतो. मेण वितळवून लावायला घरातली जुनी इस्त्री चालते, वाफेची नको, मेणाचा धूर निघाला तर इस्त्री जास्त तापलीय असं समजा. मार्चातल्या ओल्या बर्फाला गरम तापमानाचं मेण वेगळं मिळतं, जानेवारीचं तिथं काम करत नाही.

सेकंडहँड आहे म्हणून अजून: स्टीलची सरळ पट्टी बेसवर आडवी उभी धरून उजेडाकडं बघा, मधून उजेड दिसला तर बेस खोलगट झालाय. नाण्यानं वरून टकटक करत जा, कुठं पोकळ आवाज आला तर थर सुटलेत. बाइंडिंगचे स्क्रू एकदा पूर्ण काढून हातानं परत फिरवा, एखादा नुसताच गोल फिरत असेल तर आतली आटी गेली. एज कुठं तडकलीय का तेही नख फिरवून कळतं. थर सुटलेले किंवा आटी गेलेली असेल तर बोर्ड परत पाठवा, बाकी सगळं दुरुस्त होतं.

प्रतिसाद ३

ढेकळांबद्दल आणि फ्लेक्सबद्दल सांगतो. तुडवलेल्या बर्फात हलका बोर्ड उडतोच, लेडीज मॉडेल अरुंद आणि वजनाला कमी असतात त्यामुळं थोडं जास्तच. १५२ लांबी ५८ किलोला बरोबर आहे, रुंदी बुटाला बरोबर आहे. फ्लेक्स ७ हा आकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्याला फार धरून बसू नका. हळू चालवताना बोर्ड वाकतच नाही आणि वेग घेतला की छान वाकतो असं असेल तर तो तुमच्यासाठी कडक आहे, कारण झाडीत आणि अरुंद जागी हळूच चालवायचं असतं. पण तुमचा झाडीत वळतोय म्हणताय, म्हणजे मला काळजी वाटत नाही.

सोडून द्यायचं काय ते स्पष्ट सांगतो: पुढच्या रॉकरमुळं टणक बर्फावर टेकणारी एज तेवढ्याच लांबीच्या कँबर बोर्डापेक्षा कमीच राहणार. धार लावून, बाइंडिंग पुढं आणून फरक पडेल, बराच पडेल, पण निव्वळ बर्फाच्या कडक थरावर तो पहिला नंबर आणणार नाही. शिवाय स्विच, म्हणजे टेल पुढं करून, चालवायलाही तो त्रास देणार. हे दोन्ही मान्य असतील तरच घ्या.

परत चालवायला मिळाला तर मार्चात पारखा, तेव्हा एकाच दिवसात सकाळी टणक, अकराच्या सुमारास वरून मऊ आणि दुपारी चिकट बर्फ मिळतो. उतार तोच ठेवा, एका वेळी एकच गोष्ट बदला. आज बाइंडिंग सरकवलं तर धार उद्या. दोन्ही एकदम केलं तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. कोरडी पावडर तपासायची तर चिल्लई कलानचे (काश्मीरचा सगळ्यात कडक थंडीचा काळ) दिवस, २१ डिसेंबर ते जानेवारीअखेर. आणि फेज टूच्या वर बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि सोबत कुणीतरी असल्याशिवाय जाऊ नका, तिथं ३,९५० मीटरला सोडतात आणि आजूबाजूचे उतार हिमस्खलनाचे आहेत. स्की पॅट्रोलनं (उतारांवरच्या सुरक्षा पथकानं) वरचा भाग बंद ठेवला असेल तर त्या दिवशी बोर्ड खालीच तपासा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नेटकं मला कुणीच सांगितलं नव्हतं. पट्टी लावून बघितली, बेस सपाट आहे. आटी सगळ्या चांगल्या, पोकळ आवाज कुठंच नाही. नखाचा भुगा टोकांनाच निघतोय, बाइंडिंगच्या मधे अजिबात नाही, आणि बेस कडेनं पांढराफटक. म्हणजे घ्यायला हरकत नाही असं मला वाटायलंय, ताईंना तसं कळवते. स्विच मी चालवतच नाही आणि पावडर हेच माझं खरं प्रेम आहे, त्यामुळं टणक बर्फावरची उणीव मला चालंल.

एक शेवटचं विचारते, आत्ता एप्रिल आहे आणि पुढं मे. आमच्या वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला तर चालंल का?

प्रतिसाद २ (संभाजीनगरहून)

अजिबात नको! पत्र्याखाली दुपारी भट्टी होते, थर ज्या रेझिननं चिकटवलेले असतात त्याला ती उष्णता सोसत नाही. खालच्या खोलीत, भिंतीला टेकवून न ठेवता कॉटखाली सपाट ठेवा. बाइंडिंग काढून ठेवा, धार लावून घ्या, बेसवर आणि एजवर मेणाचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका, पावसाळ्यात एजला गंज चढणार नाही. खरवडायचं ते डिसेंबरात निघायच्या आधी.