लॉबीतील टचस्क्रीन सूचनाफलक : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-१०४ : सर्व सभासदांना नमस्कार. लॉबीतील फलकावर पाणी बंद राहण्याची जुनी सूचना अजून तशीच असून दमट हवेने तिची अक्षरे फुटली आहेत. टचस्क्रीन बसवण्याचा ठराव सर्वसाधारण सभेत झाला होता, त्याचे पुढे काय झाले ते समितीने कृपया सांगावे.

सचिव : नव्या यंत्राचे दरपत्रक आले होते, परंतु खजिनदारांनी ते नाकारले.

खजिनदार : सचिवबाब, गच्चीची गळती थांबवायला पैसे अपुरे पडत असताना मी त्यावर सही करणे योग्य ठरले नसते.

ए-१०४ : सीसीटीव्हीचे कंत्राट देताना ही काटकसर आठवली असती, तर बरे झाले असते.

सी-३०२ : कंत्राटाचा विषय सभेत घ्यावा. फलकासाठी नव्या यंत्राऐवजी जुना संगणक वापरता येईल. विंडोज १० चे नियमित पाठबळ (सुरक्षेच्या सुधारणा मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरचे बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे कार्यालयांतून निघालेली चांगली यंत्रे पणजी-म्हापशात स्वस्तात मिळू शकतात. त्यात विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी (वेगवान साठवण) घातली, की सूचना दाखवण्याचे काम ती सहज करतील.

बी-२०१ : वीज जाऊन परत आल्यावर ते यंत्र कोणी हात न लावता सुरू होईल का?

डी-४०४ : मुले त्यावर क्रिकेटचे सामने लावतील आणि लिफ्टपाशी प्रेक्षकांची गर्दी होईल. 😄

सी-३०२ : क्रोमियम किंवा फायरफॉक्स हा ब्राउझर कियोस्क पद्धतीने, म्हणजे एकच पान पूर्ण पडदाभर, उघडल्यास पत्त्याची पट्टी आणि बटणे दिसतच नाहीत. मात्र कोणी कीबोर्ड जोडला, तर त्यातून बाहेर पडता येते, म्हणून संगणक हवा खेळती राहील अशा कुलूपबंद पेटीत ठेवावा लागेल.

डी-४०१ : सूचना इंग्रजीतच येणार असतील, तर माझ्या सासूबाईंना त्याचा काही उपयोग नाही.

ए-१०४ : वहिनी, मराठी आणि कोंकणी आधी, असे ठरावातच लिहिले आहे.

सी-३०२ : देवनागरी फॉन्ट आठवणीने बसवावा लागेल, नाही तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसतील.

बी-२०१ : वीज गेल्यानंतरचे उत्तर अजून मिळालेले नाही.

खजिनदार : बाब, थोडा धीर धरा.

बी-२०१ : धीर धरूनच विचारतो आहे. लिफ्टबाहेरचा पडदा असाच बंद पडला आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नव्हता.

सी-३०२ : काकांचा प्रश्न रास्त आहे, कारण अशा यंत्रांची खरी परीक्षा तिथेच होते. वीज परतताच संगणक चालू व्हावा, ही सोय बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, निवडता येते. पण अनेक जुन्या यंत्रांत मदरबोर्डवरील सीआर २०३२ सेल संपलेला असला, तर ती निवड पुसली जाते, म्हणून तो सेल आधीच बदलावा. त्यानंतर पासवर्ड न विचारता लॉगिन व्हावे, ब्राउझर आपोआप उघडावा आणि पडदा झोपू नये. राउटरला सुरू व्हायला संगणकापेक्षा अधिक वेळ लागला, तर सूचनेऐवजी जोडणी नसल्याचा संदेश झळकत राहतो. यासाठी सूचना संगणकातच साठवाव्यात आणि इंटरनेट मिळेल तेव्हा नव्या उतरवून घ्याव्यात. अचानक वीज गेल्याने फाइली बिघडू नयेत, म्हणून लहान यूपीएसही हवाच.

खजिनदार : म्हणजे खर्च पुन्हा वाढला.

सी-३०२ : त्यात कपात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बचत पडद्यात होईल. दुकानांच्या बिलिंगमधून निघालेले टच मॉनिटर बरेचदा रेझिस्टिव्ह असतात. ते दाबावर चालत असल्याने पावसाळ्यात ओल्या बोटांनीही चालतील. मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह पडदा पाण्याच्या थेंबांनी गोंधळतो.

सचिव : पडदा उभा लावता येईल का?

सी-३०२ : येईल, पण चित्र फिरवले तरी स्पर्श आपोआप फिरेलच असे नाही, दोन्ही जुळवले नाहीत, तर बोट एका बटणावर आणि दाब दुसऱ्यावर पडतो. शिवाय एचडीएमआय केबल चित्र आणि आवाज नेते, स्पर्शासाठी यूएसबी केबल वेगळी लागते, आणि घेताना नेमकी तीच मिळत नाही.

खजिनदार : यंत्र आधी समितीच्या खोलीत चालवून दाखवावे, म्हणजे मी रक्कम मंजूर करीन. चवथीला बरेच जण गावी जातात, तेव्हा त्यापूर्वीच पाहू.

बी-२०१ : त्या वेळी खोलीचा मुख्य स्विच मी स्वतः बंद-चालू करून पाहीन, आणि पासवर्ड बंद पाकिटात सचिवांकडे राहील, हे इतिवृत्तात लिहावे.

सचिव : लिहिले आहे.