मॉन्स्टर हंटर वर्ल्ड : अंजानाथपाशी अडकलोय, नेमकं चुकतंय कुठं?

जुळे_सोलापूरचा_पोऱ्या
नमस्कार मंडळी. डिप्लोमाची परीक्षा संपली म्हणून सेलमध्ये मॉन्स्टर हंटर वर्ल्ड घेतला. मोठाल्या राक्षसी जनावरांची शिकार करायचा असला गेम पहिल्यांदाच खेळलालो. ग्रेट जाग्रास, कुलू-या-कू, पुकेई-पुकेई मारले. बॅरॉथला दोन दिवस लागले. आता अंजानाथ, आग ओकणारा. चार दिवस झाले, रोज रात्री जेवण झालं की बसतो आणि तीनदा बेशुद्ध पडून क्वेस्ट (शिकारीची मोहीम) फेल. ग्रेट सोर्ड म्हणजे ती मोठी जड तलवार वापरतो, कारण एका घावात जास्त लागतं. पण मी तलवार उचलेपर्यंत तो बाजूला सरकलेला असतो. औषध प्यायला गेलं की धडक बसते. यात लेव्हल वाढत नाही म्हणतात, मग ताकद वाढवायची कशी? मनापासून विचारतोय, गेम सोडायचा नाहीये.

साखरपेठ_९१
डिफेंडरची हत्यारं आणि गार्डियनचं चिलखत तुझ्या पेटीत फुकट पडलेलं असेल बघ. ते घाल, अंजानाथ पाच मिनिटांत आडवा.

मागवाला
साखरपेठ, तुझं खोटं नाही, पण पोराला ते सांगू नकोस. आइसबोर्नचा, म्हणजे नंतर आलेला जोड-भाग लवकर गाठायचा असणाऱ्यांसाठी ते सामान दिलंय. ते घालून गेलं की समोरचा जनावर काय करतो हे बघायची गरजच पडत नाही, आणि पुढं गेल्यावर एकदम अडायला होतं.

पोरा, आता तुझं. २०१८ पासून हा गेम खेळतोय. अंजानाथपाशी मी तुझ्यापेक्षा जास्त दिवस काढलेत.

पहिलं विचारतो, अंगात काय घातलंयस? सुरुवातीचं चामड्याचंच असेल तर तिथंच निम्मी लढाई गेली. लेव्हल नाही म्हणजे ताकद सगळी सामानात. मारलेल्या जनावराची हाडं, खवले नेऊन लोहाराकडून चिलखत करून घ्यायचं, आणि चिलखत मजबूत करायचे आर्मर स्फिअर साठवून न ठेवता त्यावर लावायचे. पोरं ते पुढच्यासाठी म्हणून राखून ठेवतात, तसं करू नकोस. अंजानाथ पाण्याला कच्चा आहे. ज्युराटोडस मारलास ना? त्याच्या सामानातून पाण्याचा गुण असलेली हत्यारं होतात, त्यातलं एक कर.

आणि जेवून जा. कँटीनमध्ये खाल्लं की जीव आणि दम दोन्ही वाढतात. बेशुद्ध पडलास की खाल्लेलं उतरतं, मग तंबूत परत खाता येतं का ते बघ.

आता खरी गोष्ट. या गेममध्ये बटण दाबलं की तो घाव बहुतेक पुरा होऊनच सुटतो, मध्येच हात मागं घेता येत नाही. ग्रेट सोर्डला तर हे सगळ्यात जास्त. म्हणून तो थांबलाय तेव्हा तलवार उचललीस तर उशीर झालेला असतो. तो थांबणार आहे हे आधी कळलं पाहिजे.

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते. लहानपणी मला शेडमध्ये नेलं तेव्हा पहिला आठवडा कशाला हात लावू दिला नाही. नुसतं उभं राहून ठोका ऐक म्हणाले. धोटा कधी येतो, कधी जातो ते कानात बसल्याशिवाय चालू मागाजवळ हात न्यायचा नाही. अंजानाथला तसंच बघ. एक अख्खी क्वेस्ट नुसती बघायला दे. ५० मिनिटं असतात. तलवार म्यानातच ठेव, पळ, लोळण घे, मारू नकोस. तो नाक जमिनीला लावून हुंगत येतो ते बघ. चिडला की पाठीवरचे पडदे उघडतात आणि नाकावरचा पिसारा वर होतो. घशात लाल उजेड दिसला की आग येणार, तेव्हा तोंडासमोरून निघून बाजूला पायाकडं जायचं. आग ओकून झाली की तो क्षणभर तिथंच अडकतो. तुझा घाव तेव्हाचा. एकच, आणि लगेच लोळून बाहेर. दुसऱ्याची हाव करायची नाही. पायावर सारखं लागलं की तो आडवा पडतो, मग काय ते डोक्यावर भरून घे.

औषध त्याच्यासमोर कधीच पिऊ नकोस. एका घोटात सगळा जीव भरत नाही, हळूहळू चढतो, आणि मध्येच लोळण घेतलीस की राहिलेलं गेलं. झुडपाआड जा किंवा सरळ दुसऱ्या भागात पळ. अंगाला आग लागली तर नलबेरीचं फळ खा किंवा दोन-तीन लोळण्या घे.

तो लंगडत गुहेकडं निघाला आणि नकाशावर त्याच्या चिन्हापाशी कवटी दिसली की पाठलाग करून मारायची गरज नाही. झोपला की जवळ सापळा लाव, अडकल्यावर दोन ट्रँक बॉम्ब, म्हणजे गुंगीचे गोळे टाक. पकडला तरी क्वेस्ट पुरी होते.

अजून एक. क्वेस्ट चालू असताना वीज गेली तर तेवढी क्वेस्ट वाया, मध्ये सेव्ह होत नाही. माझी अशी चाळीसाव्या मिनिटाला गेलीय. लॅपटॉप असेल तर आधी चार्ज करून बस, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याच्याखाली पुस्तकं घालून थोडा उचलून ठेव.

नवी_पेठ_ताई
मागवालादादांचं पटलं. फक्त एक भर. ग्रेट सोर्ड जमतच नसेल तर तलवार-ढाल घेऊन बघ. हत्यार न म्यानता औषध पिता येतं, नवख्याला हा फार मोठा आधार आहे. १४ हत्यारं आहेत, ट्रेनिंग एरियात प्रत्येकाला दहा मिनिटं दे. कुठलं तरी एक हातात बसतंच.

जुळे_सोलापूरचा_पोऱ्या
दादा, झालं! चामड्याचंच घातलं होतं मी, स्फिअर सगळे तसेच पडलेले. परवा रात्री नुसतं बघितलं, एकही घाव नाही. काल बॅरॉथचं चिलखत करून गेलो. घशात उजेड दिसला की पायात शिरायचो. दोनदा पडलो, तिसऱ्यांदा जीव एवढुसा राहिला होता, हात थरथरत होते. ४१ व्या मिनिटाला मेला. आई उठून बघायला आली काय झालं म्हणून. ताई, तलवार-ढाल पण बघतो, पण आता ही तलवार सोडवेना. एक शंका : त्याची शेपटी मध्येच तुटून लांब पडली होती, तिचं काय करायचं असतं?

मागवाला
शाबास रे! शेपटीपाशी जाऊन ती पण सोलायची असते, अंगासारखीच. तिच्यातून वेगळं सामान निघतं. तो लांब गेला की लगेच जा, क्वेस्ट संपल्यावर थोडाच वेळ हातात असतो.