चेअर कारमध्ये लॅपटॉपवर काम करताना मान आखडते, उपाय सुचवावा

नमस्कार मंडळी. पुणे-मुंबई हा १९२ किलोमीटरचा रेल्वेप्रवास मी नेहमी चेअर कारने करतो आणि वाटेत लॅपटॉपवर काम उरकतो. मात्र पुढच्या आसनाला जोडलेला ट्रे गुडघ्यांच्या जेमतेम वर असल्याने स्क्रीन नजरेच्या बरीच खाली राहते, मान सतत वाकलेली असते आणि पुढचा प्रवासी मागे रेलला की स्क्रीन अर्धी मिटते. घडीच्या स्टँडने उंची मिळते खरी, पण वेगळ्या कीबोर्डला जागा उरत नाही आणि घाटातल्या वळणांवर स्टँडच घसरू लागतो. कमरेमागे शालीची गुंडाळी ठेवल्याने पाठीला मात्र आराम पडतो. कीबोर्ड मांडीवर ठेवून काम करणारे येथे कोणी आहे का? त्यासाठी कडक तळाची उशी घ्यावी, की साधी प्लायवूडची फळी पुरेल?