पॉपकॉर्न मशीनमध्ये कॉफी भाजताना फर्स्ट क्रॅक फार लवकर येतो आणि मशीन मध्येच बंद पडते

प्रश्न (मुलुंड)

नमस्कार. घरी कॉफी भाजण्यासाठी मी गरम हवेचे 1200 वॅटचे पॉपकॉर्न मशीन वापरते. बिया बाहेर उडू नयेत म्हणून त्याचे झाकण काढून तिथे कंदिलाची काच बसवली आहे आणि तापमान कळावे म्हणून बियांच्या थरात के-टाइप थर्मोकपल सोडले आहे. बिया चिकमगळूरच्या वॉश्ड अरेबिकाच्या, प्लांटेशन ए दर्जाच्या आहेत आणि एका वेळी 90 ग्रॅम घेते.

चार मिनिटे होण्याआधीच फर्स्ट क्रॅक, म्हणजे बी तडकल्याचा पहिला आवाज, सुरू होतो. बियांची टोके काळी पडतात, पण बी फोडून पाहिले तर आतला भाग फिकाच असतो, आणि कॉफी आंबट व हिरवट लागते. त्यानंतर थोड्याच वेळात मशीन आपोआप बंद पडते आणि गार झाले की पुन्हा चालू होते. संध्याकाळी व्होल्टेज 210 च्या आसपास उतरले की तळातल्या बिया जागच्या हलतही नाहीत. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने थर्मोस्टॅट, म्हणजे जास्त तापल्यावर मशीन बंद करणारा भाग, काढून टाकण्याचा सल्ला दिला आहे. तसे करावे का?

प्रतिसाद (गिरगाव)

थर्मोस्टॅट कृपया काढू नका. मक्याचा दाणा साधारण 180 अंश सेल्सिअसला फुटतो आणि दोन-तीन मिनिटांत या मशीनचे काम संपते. कॉफीचा फर्स्ट क्रॅक मात्र 196 ते 205 अंशांच्या दरम्यान येतो आणि त्यानंतरही भाजणे चालू ठेवावे लागते, त्यामुळे भांड्याची भिंत मूळ रचनेत धरलेल्या मर्यादेपलीकडे तापते. थर्मोस्टॅट आपले काम चोख करत आहे.

खरी अडचण अशी आहे की या मशीनमध्ये पंखा आणि हीटर एकमेकांना बांधलेले असतात. पंख्याची मोटर कमी व्होल्टेजच्या डीसीवर चालते आणि तो पुरवठा हीटरच्या कॉइलच्याच एका भागातून, चार डायोडमधून, तिला मिळतो. व्होल्टेज 230 वरून 210 वर आले की उष्णता सुमारे 17 टक्क्यांनी घटते, पण त्याच वेळी पंखाही मंदावतो, हवेअभावी बिया तळाशी बसून राहतात आणि त्यांची एकच बाजू करपते. उष्णता कमी करण्यासाठी संपूर्ण मशीनला रेग्युलेटर जोडला तरी परिणाम हाच होतो.

म्हणून दोन्ही वेगळे करावेत. मोटरच्या दोन्ही तारा कॉइलपासून पूर्णपणे सोडवाव्यात, कारण मूळ जोडणीत त्या तारा घरातील 230 व्होल्टच्या लाइनशी थेट जोडलेल्या असतात. मशीन उघडण्याआधी प्लग काढलेला असावा, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर मोटरला स्वतंत्र 24 व्होल्टचा एसएमपीएस (डीसी पुरवठा देणारे युनिट) आणि वेग कमी-जास्त करणारा डीसी कंट्रोलर द्यावा, आणि हीटरला किमान 2000 वॅट क्षमतेचा एससीआर रेग्युलेटर (हीटरची उष्णता कमी-जास्त करणारा) लावावा. हे सर्व सामान लॅमिंग्टन रोडवर मिळते. छताच्या पंख्याचा रेग्युलेटर या कामाला अजिबात चालणार नाही.

प्रतिसाद (बोरिवली)

वरील सूचना योग्य आहे, पण त्यात एक मोठा धोका आहे. दोन्ही वेगळे झाले की पंखा बंद असताना हीटर चालू राहू शकतो आणि हवा नसलेली कॉइल काही सेकंदांतच लालभडक होते. त्यासाठी पंख्याच्या 24 व्होल्ट पुरवठ्यावर एक रिले (विजेने चालणारा स्विच) बसवावा आणि हीटरची लाइन त्या रिलेच्या संपर्कातून न्यावी, म्हणजे पंख्याचा पुरवठा गेला की हीटरही बंद होईल. मोटरच अडकली तर मात्र या रिलेला ते समजत नाही, म्हणून थर्मल फ्यूज (अति तापल्यास वीज तोडणारा) जागेवरच राहिला पाहिजे. धातूच्या भांड्याला अर्थिंग द्यावे आणि घरात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवून घ्यावा. जोडणी स्वतः करणार असलात तरी पहिल्यांदा वीज देण्याआधी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावी.

प्रतिसाद (माटुंगा)

जोडणी बदलल्यानंतर भाजण्याची पद्धतही बदलावी लागेल. कच्ची बी जड असते, म्हणून सुरुवातीला हवा पूर्ण आणि उष्णता मध्यम ठेवावी. पुढे पाणी उडून बी फुगते व हलकी होते, तेव्हा हवा थोडी कमी करता येते. हवा कमी केली की तेवढीच उष्णता कमी हवेत मिसळून तापमान चढते, त्यामुळे हा बदल हळूहळू करावा. फर्स्ट क्रॅक सहा ते सात मिनिटांदरम्यान आणि त्यानंतर दीड-दोन मिनिटे, असे धोरण ठेवल्यास टोके काळी पडणार नाहीत आणि आतला भागही पिकेल. वजनाचा ताळा जरूर घ्या: मध्यम भाजणीत 90 ग्रॅमचे साधारण 77 ग्रॅम उरतात. 82-83 ग्रॅम उरले तर आत कच्चेपणा राहिला असे समजावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. रिलेसह जोडणी बदलून घेते. माझ्याकडे थोडी मान्सून्ड मलबारही आहे. तिला हीच मांडणी चालेल का?

प्रतिसाद (माटुंगा)

चालेल, पण सेटिंग वेगळे लागेल. पावसाळी वाऱ्यात ठेवून फुगवलेली ही बी वजनाने हलकी आणि रंगाने फिकट पिवळसर असते. ती कमी हवेतही उडते, म्हणून 70 ग्रॅमपासून सुरुवात करावी, पंखा आधीपासूनच कमी ठेवावा आणि उष्णताही मंद असू द्यावी. तिचा फर्स्ट क्रॅक दबका असतो आणि पंख्याच्या आवाजात सहज निसटतो, शिवाय मूळ रंगच वेगळा असल्याने रंगावरूनही फसगत होते. तिच्या बाबतीत थर्मोकपलचा आकडा आणि वास यांवरच भर द्यावा. भाजून झाल्यावर स्टीलच्या चाळणीत टेबल फॅनखाली तीन-चार मिनिटांत गार करावी आणि लगेच हवाबंद डब्यात भरावी, कारण जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेत उघडी राहिलेली भाजलेली कॉफी फार लवकर ओल धरते.