जर्मनीचा बिअर शुद्धता कायदा आता सैल करावा का?

पेग्निट्झकाठ (धागालेखक)
न्युर्नबर्गला राहतो, घरी बिअर करतो आणि राइनहाइट्सगेबोटच्या, म्हणजे याच शुद्धता कायद्याच्या, विरोधात आहे. हे वाचून इथले काही जण चिडतील, तरी लिहितोच.

२३ एप्रिल १५१६ ला इंगोलश्टाटमध्ये बव्हेरियाच्या दोघा ड्यूक भावांनी हुकूम काढला: बिअरमध्ये बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी, बाकी काही नको. हा हुकूम मुळातून वाचला तर त्यात दराचाच मजकूर जास्त दिसतो. हिवाळ्यात एक मास (साधारण एक लिटर) बिअर किती फेनिगला विकायची, उन्हाळ्यात कितीला. आणि धान्यांत फक्त बार्ली, म्हणजे गव्हाच्या बिअरला मज्जाव. पण एका सरदार घराण्याला मात्र ती बनवायचा हक्क होता आणि १६०२ मध्ये तो हक्क ड्यूककडे आला. पुढे दरबारानं त्यावर बक्कळ कमाई केली. याला शुद्धता म्हणायचं की मक्तेदारी?

१९०६ मध्ये हा नियम साऱ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला. आजची गंमत अशी, की १९८७ च्या युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे बेल्जियमची चेरी घातलेली बिअर म्युनिकच्या दुकानात बिअर म्हणून राजरोस विकता येते. म्युनिकच्या ब्रुअरनं तीच केली तर मात्र त्याला ती बिअर म्हणून विकता येत नाही. काही वर्षांपूर्वी बव्हेरियातल्या एका ब्रुअरीला दुधातली साखर घातलेली मिल्क स्टाउट ही काळी बिअर ओतून द्यावी लागली. आणि बिअर स्वच्छ दिसावी म्हणून पीव्हीपीपी हे प्लास्टिक वापरलेलं मात्र चालतं, कारण गाळताना ते निघून जातं. आपल्याच माणसाचे हात बांधायचे, हा कुठला न्याय?

ऱ्हाइनकर
पूर्ण असहमत. कोलोनला राहतो. इथं कोल्श या स्थानिक बिअरची ०.२ लिटरची नळीसारख्या ग्लासातली 'श्टांगं' पुढ्यात येते, ग्लास रिकामा झाला की कोबेस (वेटर) न विचारता दुसरा ठेवतो. शेजारच्या ड्युसेलडॉर्फला तांबूस आल्ट, बांबेर्गला लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या माल्टची (मोड आणलेल्या धान्याची) राउखबिअर, बव्हेरियात कडक डोपेलबॉक. एवढा पसारा मोजक्या चार-पाच जिन्नसांतून उभा राहतो. बंधन होतं म्हणून इथल्या माणसांनी माल्ट कसा भाजायचा, यीस्ट कसं सांभाळायचं यात पिढ्या घातल्या. मुभा मिळाली की आधी येईल मका आणि तांदूळ, कारण ते स्वस्त पडतात. भारतातल्या बहुतेक मोठ्या ब्रँडांचं तेच आहे. चेरी आणि दूध ही छोट्या ब्रुअरची हौस झाली. दार उघडलं की आत शिरणार मोठे कारखाने.

शिवाय कायदा इतका आंधळा नाही. ब्रांडेनबुर्गच्या नॉयत्सेलच्या मठातल्या ब्रुअरीचा साखरेचा पाक घातलेल्या काळ्या बिअरवरून वर्षानुवर्षं वाद चालला आणि २००५ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं तिला बिअर म्हणायची परवानगी दिलीच ना? गोजे या आंबट बिअरमध्ये मीठ आणि धणे असतात, तीही विकली जाते.

पेग्निट्झकाठ
नॉयत्सेलचं उदाहरण तुम्हीच दिलंत, बरं झालं. एका काळ्या बिअरसाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. छोट्या ब्रुअरनं ते पैसे कुठून आणायचे? आणि विशेष बिअरची (वेगळे जिन्नस घातलेल्या बिअरची) ही सवलत बव्हेरियाबाहेरची. बव्हेरियात ती वाट बंद आहे. गोजेचं तर विचारूच नका: १९६० च्या दशकात ती बंद पडली होती, पुढे लाइपझिगच्या हौशी लोकांनी ती पुन्हा उभी केली म्हणून आज आहे.

माल्टवाली
मी फ्रायझिंगची. स्वतःच्या घरापुरती बिअर करणाऱ्याला हा नियम लागूच नाही. जानेवारी २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत करही नाही, आधी ही मर्यादा २०० लिटर होती. फक्त सीमाशुल्क कार्यालयाला कळवायचं आणि विकायचं नाही. म्हणजे घरी हवं ते घाला, कोणी अडवत नाही. तरीही माझ्या ओळखीतले बहुतेक घरगुती ब्रुअर त्याच चार जिन्नसांत (माल्ट, हॉप्स, पाणी, यीस्ट) राहतात.

उदाहरण सांगते. बाटलीत फेस यावा म्हणून इतर देशांत सरसकट चमचाभर साखर घालतात. इथले जुने लोक तसं करत नाहीत. उकळलेल्या वुर्त्सेतला (माल्टच्या गोड काढ्यातला) थोडा भाग यीस्ट घालायच्या आधीच काढून, गच्च झाकून फ्रीजमध्ये ठेवतात. त्याला श्पाइझं म्हणतात. आठवड्या-दोन आठवड्यांनी बिअर बाटलीत भरताना तेच मोजून परत घालतात. किती घालायचं, हे बिअरचं तापमान आणि उरलेली साखर पाहून ठरतं. अंदाज चुकला तर बाटली फुटू शकते. हे कष्ट कुठल्याही कायद्यानं लादलेले नाहीत, ते अभिमानातून येतात. तो अभिमान कुठून आला, याचा विचार करा.

पेग्निट्झकाठ
ताई, मीही श्पाइझंच वापरतो, आणि तुमचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. कायदा नसतानाही लोक पद्धत पाळतात, मग सक्ती कशाला?

वीडनकर
तुम्ही दोघं जिन्नसांवर भांडताय. इकडे बव्हेरियातल्याच ओबरफाल्त्स भागात येऊन त्सोइगल ही गावकीची बिअर बघा. विंडिशएशनबाखला गावाचं सामाईक ब्रूघर आहे, लाकडावर पेटणारं. ज्या घरांना ब्रूचा हक्क आहे, आणि तो हक्क घरालाच चिकटलेला असतो, ती घरं पाळीपाळीनं तिथं वुर्त्सं उकळतात, टाकीत भरून घरी नेतात आणि आपापल्या तळघरात यीस्ट घालतात. पाळी आली की दाराबाहेर सहा कोनांचा तारा टांगतात आणि आपल्याच बैठकीच्या खोलीत लोकांना बसवतात. बाकांवर अनोळखी माणसांशेजारी बसायचं, थंड मांसाची थाळी मागवायची. एकाच ब्रूघरातली वुर्त्सं, तरी प्रत्येक घराची चव निराळी. हे सगळं कायद्याच्या चौकटीत बसून झालंय, म्हणून कायदा वाईट म्हणणं मला पटत नाही.

पेग्निट्झकाठ
त्सोइगल टिकलं ते घरांच्या हक्कामुळे आणि गावकीमुळे. त्याचं श्रेय इंगोलश्टाटच्या हुकुमाला कसं द्यायचं?

पिंपरीची
पुण्याहून लिहिते. इथं २००९ मध्ये भारतातल्या पहिल्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी एक सुरू झाली, तिचा ब्रूमास्टर जर्मन होता. गव्हाची हेफेवाइझन पुणेकरांनी तिथंच ओळखली. आता शहरात आंब्याची बिअरही मिळते. ती इथं चालते ना, मग म्युनिकच्या ब्रुअरला का नाही? (घरी ब्रू करायला मात्र आपल्याकडे परवान्याशिवाय बंदी आहे, त्या बाबतीत जर्मन लोक नशीबवान.)

ऱ्हाइनकर
१९८० च्या आसपास जर्मनीत माणशी १४५ लिटरच्या घरात बिअर खपायची, आज ती ९० च्याही खाली आहे. ब्रुअऱ्या बंद पडताहेत. अशा वेळी ग्राहकाला खात्री देणारी एकमेव ओळख सोडून द्यायची? मला हे धोक्याचं वाटतं.

पेग्निट्झकाठ
खप घसरतोय तो कायदा जसाच्या तसा असताना, हे विसरू नका. माझी मागणी मोठी नाही. ज्याला पाळायचंय त्यानं लेबलवर राइनहाइट्सगेबोट ठसठशीत छापावं, मी स्वतः अशा बाटल्या घेत राहीन. बाकीच्यांनी जिन्नस स्पष्ट लिहून 'बिअर' म्हणून विकावं. आणि बव्हेरियानं निदान विशेष बिअरची सवलत द्यावी, जी बाकीच्या राज्यांत आजही आहे.

माल्टवाली
शेवटच्या मागणीला माझा पाठिंबा. पहिल्या दोन्हींना नाही.