क्वीनचा जॉन डिकन: दुर्लक्षित की नुसताच अबोल?

खर्जप्रेमी:
क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट पाचगणीला जाते. गायक फ्रेडी मर्क्युरी तिथे शिकला, शाळेत हेक्टिक्स नावाचा बँड होता वगैरे. फारच रंगलं तर ब्रायन मेची घरी बनवलेली गिटार. बेस, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणारा जॉन डिकन कुणाच्या तोंडी नाही. १९७१ मध्ये सगळ्यांत शेवटी आला, वयानेही सगळ्यांत लहान. 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०) याने लिहिलं, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. नीट ऐका: एकाच स्वरावर तीन ठोके, मग चक्क रिकामी जागा. एरवी ही मंडळी आवाजांचे थरावर थर चढवणारी! क्वीनला आवरतं घ्यायला डिकनने शिकवलं, असं माझं मत.

तिरकस:
दुर्लक्षित कसला? गाणी त्याच्या नावावर छापलेली आहेत. 'आय वॉन्ट टू ब्रेक फ्री'सुद्धा. आणि ते तीन ठोके 'शिक' (Chic) या अमेरिकी डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'मध्ये (१९७९) आधीच आहेत. डिकन आमच्या स्टुडिओत येऊन बसायचा, हे शिकच्या बर्नार्ड एडवर्ड्सनेच सांगितलंय. वर फ्रेडीचा गळा वजा करा आणि मग बोला.

खर्जप्रेमी:
गळा वजा केला तर मेचंही काय उरतं? दोन्ही गाणी लागोपाठ लावून बघा. शिकची बेस पुढे पुढे वाहत जाते, डिकनची फिरून त्याच जागी येऊन उभी राहते. प्रभाव आहेच, नाही कोण म्हणतंय? आणि 'यू आर माय बेस्ट फ्रेंड'चं काय? फ्रेडीला इलेक्ट्रिक पियानो आवडायचा नाही, म्हणून गड्याने तो स्वतः शिकून वाजवला.

सोल्डरवाला:
डिकनने बनवलेल्या अँपचं (गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचं) कुणीच कसं बोललं नाही? डिकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. १९७२ च्या सुमारास कचऱ्यात टाकलेला एक सर्किट बोर्ड उचलून आणला, जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. आवाज कमीजास्त करायला साधं बटणसुद्धा नाही. मेने त्यावरच 'गुड कंपनी'मधला अख्खा जाझ बँड वाजवला. ते ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट सगळी गिटारच आहे हो!

तिरकस:
अँपला सलाम. पण जाझ बँडची कल्पना मेची, बोटं मेची. उद्या हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यालाही मैफलीचं श्रेय द्याल.

सोल्डरवाला:
दुरुस्त करणारा आणि नवीन बनवणारा यात फरक असतो, साहेब.

शांतताप्रिय:
माणूस १९९७ नंतर संगीतातून बाजूला झाला. २००१ मध्ये क्वीनला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, त्या सोहळ्यालाही गेला नाही. मे आणि ड्रमर रॉजर टेलर त्यानंतरही क्वीनच्या नावाने दौरे करत राहिले, हा घरी. त्याला नकोय तर तुम्ही कशाला ढोल बडवताय?

खर्जप्रेमी:
आपण इथे कौतुक केल्याने लंडनमध्ये त्याची झोपमोड व्हायची नाही. क्वीन आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या 'अंडर प्रेशर'ची बेस घ्या. बोवी म्हणाला, मी येण्याआधीच ती तयार होती. मे आणि टेलर डिकनचं नाव घेतात. आणि डिकनने काय करावं? एका मुलाखतीत श्रेय बोवीला देऊन मोकळा!

तिरकस:
मग भांडण त्याच्याशी करा, आमच्याशी कशाला? बाकी 'स्प्रेड युअर विंग्ज' त्याचंच आहे आणि ते मला 'डस्ट'पेक्षा आवडतं. त्यावर वेगळा धागा काढा, तिथे तुमच्या बाजूने येतो.